पाचवीच्या रात्रीनंतर

(स्मृतिव्याख्यानमालेतील समारोपाच्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना मी लहानपणी पाहिलं आहे. जून लागला की काळी छत्री घेऊन त्या वस्तीत निघायच्या. शाळेत नाव न घातलेल्या मुलींची घरं त्यांना पाठ होती. पहिल्या खेपेला बहुतेक ठिकाणी नकारच मिळे. बाई वाद घालत नसत. मुलीचं नाव विचारून घेत, तिच्या आईची चौकशी करत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जात. माझी आई म्हणायची, बाईंच्या पहिल्या फेरीला कुणी दाद देत नाही आणि तिसऱ्या फेरीला कुणाला नाही म्हणवत नाही. तान्ह्या मुलांच्या घरी जाण्याविषयी आज मी बोलणार आहे. विषय ठरवताना तीच छत्री डोळ्यांपुढे होती.

मी बालरोगतज्ज्ञ. नोकरीची पहिली वर्षं विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. तिथली एक गोष्ट आधी सांगते. पहिलटकरीण होती, बाळ जेमतेम दोन किलोचं. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. बाळाला गुंडाळून ठेव, अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नकोस, काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन ये, असं सगळं मी नीट सांगितलं. तिनं मान डोलावली. मी नोंदवहीत लिहिलं, ‘आई व बाळ सुखरूप’. तीन आठवड्यांनी तिची सासू स्वतःच्या गुडघ्यांसाठी आली, तेव्हा मी सहज विचारलं, “नातू कसा आहे?” ती म्हणाली, “तो त आठव्या दिवशीच गेला जी.”

घरी गेल्यावर बाळाचं पिणं कमी झालं होतं. मग अंग गार पडू लागलं. आजीनं शेक दिला, तेल चोळलं, देवाचा अंगारा लावला. गाडीची शोधाशोध सुरू झाली तोवर उशीर झाला होता. त्या घरानं हलगर्जी केली नव्हती. जे ठाऊक होतं ते सगळं केलं होतं. मी दहा सूचना दिल्या आणि त्या घरापर्यंत कुणी गेलं नाही. माझ्या नोंदवहीत ते बाळ आजही सुखरूप आहे.

आता जरा आपल्याच परंपरेकडे पाहू. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी आपण पाचवी पुजतो. पाटा-वरवंटा मांडतो, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, रात्रभर दिवा विझू देत नाही. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, अशी श्रद्धा. ‘पाचवीला पुजलेलं’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. माझ्या वैद्यकीय शिक्षणानं मला ही अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारायला शिकवलं होतं. पुढे आकडे पाहिले तेव्हा मी थबकले. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश बाळं पहिल्या आठवड्यातच जातात. ज्या बायकांनी ही पाचवीची रात्र जागवायला सुरुवात केली, त्यांना धोका कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. जागत राहायचं हेही कळत होतं. जागून नेमकं काय पाहायचं आणि दिसलं तर काय करायचं, एवढं मात्र त्यांच्या हाती नव्हतं.

ते शोधून काढण्याचं काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये, सुमारे ३९ हजार लोकवस्तीत, बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती. तिथे हा प्रयोग नव्हता, नेहमीची सेवा चालू होती. गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत हे नाव मिळालं. खांद्याला एक पिशवी आणि त्यात ताणकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची ऊबदार झोळी.

पहिल्या वर्षी त्यांनी मुख्यतः निरीक्षण केलं आणि त्यातून जे दिसलं ते भयंकर होतं. ७६३ बाळं पाहिली गेली. जवळपास निम्म्यांना जिवावर बेतू शकेल असा आजार होऊन गेला होता. डॉक्टरच्या नजरेखालून गेलेली बाळं किती? शंभरात तीनसुद्धा नाहीत, २.६ टक्के. बाळंतपणं घरीच व्हायची, सोयर संपेपर्यंत बाळंतीण बाहेर पडत नसे आणि रुग्णालय दूर. आम्ही डॉक्टर दवाखान्यात बसून म्हणत होतो, नवजात बाळं आजारी पडतात पण आमच्याकडे फारशी येत नाहीत. ती येणार कशी? ती एका अंधाऱ्या खोलीत, आईच्या कुशीत होती.

पुढच्या टप्प्यात आरोग्यदूतांनी उपचारही सुरू केले. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब आणि दूध मिळतंय हे पाहणं आणि जंतुदोष झाल्यास दवाखान्यात न्यायला सांगणं. आईबाप नेऊ शकले नाहीत तर त्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं प्रतिजैविक देणं. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे पूर्वी सोळा-सतरा दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर तीनच्या आत आली. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो त्याच वर्षी ५९.६ होता. १९९९ साली हे सारं ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. साधारण दर अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

हे आकडे अनेक व्याख्यानांतून सांगितले जातात. मला आज त्यांच्या आतल्या एका बारीक गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही, मग सातवी शिकलेल्या बाईनं जंतुदोष ओळखायचा कसा? गडचिरोलीत त्यासाठी सात लक्षणं निश्चित झाली. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं किंवा बंद पडलं. हातपाय ढिले पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगलं. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. बेंबीत पू झाला. आणि सातवं, आई म्हणते की बाळ हाताला गार लागतंय. यांतली कोणतीही दोन एकाच दिवशी दिसली तर जंतुदोष समजायचा.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. ‘आई म्हणते’ हे इथे वैद्यकीय लक्षण आहे. आमच्या पुस्तकांत आईचं म्हणणं ‘तक्रार’ या सदरात जातं, डॉक्टरनं खात्री करेपर्यंत त्याला किंमत नसते. इथे तिच्या तळहाताला थर्मामीटरच्या पंक्तीत बसवलं आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे शब्द बघा, ‘कमी झालं’, ‘क्षीण झालं’, ‘ढिले पडले’. ही सगळी बदलाची वर्णनं आहेत. बाळ क्षीण रडतंय एवढ्यानं काही ठरत नाही, काही बाळांचा आवाजच लहान असतो. ते काल खणखणीत रडत होतं आणि आज कण्हतंय, हे महत्त्वाचं. जी बाई काल आली होती आणि आजही आली आहे, तिलाच हे कळणार. एकदाच आलेल्याला बदल दिसत नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. या कामातलं खरं उपकरण पिशवीत नसतं. दुसऱ्यांदा जाणं हेच ते उपकरण.

सटवाई एकदाच येते आणि लिहून जाते. ही बाईही लेखणी-कागद घेऊनच येते, पण ती पुन्हा येते. म्हणून लिहिलेलं बदलू शकतं.

एक भेट जवळून दाखवते. काही वर्षांपूर्वी आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तींच्या, प्रशिक्षणासाठी मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात होते. तिथल्या आशाताईबरोबर सातव्या दिवसाच्या भेटीला गेले. बाजेखाली शेगडी, खिडकीला पोतं, आत शेपा-ओव्याचा वास. मी सवयीनं विचारणार होते, “बाळ कसं आहे?” ताईनं तसं काही विचारलं नाही. चप्पल बाहेर काढली, न्हाणीत साबणानं हात धुतले आणि ओले हात झटकून वाळेपर्यंत आजीशी धानाच्या परह्याबद्दल बोलत उभी राहिली. मग भुईवर बसली, बाजेच्या बरोबरीनं, म्हणजे बाळंतिणीला मान वर करावी लागू नये. तिनं आधी बाळाचे तळपाय पाहिले, मग पोटावर हाताची मागची बाजू ठेवली. पोट ऊबदार, तळवे गार. कुंची वर सरकवली, पायात मोजे चढवले आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी दिलं.

बाळ छातीशी लागलं तशी ताईनं घड्याळ काढलं. पूर्ण एक मिनिट ती काही बोलली नाही, बाळाच्या पोटाचं वरखाली होणं मोजत राहिली. खोलीतले सगळे गप्प झाले. त्या मिनिटात मी आजीचा चेहरा पाहत होते. आपल्या नातवाकडे बाहेरचं माणूस इतका वेळ टक लावून बघतंय, हे तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग ताईनं वजन केलं आणि तिसऱ्या दिवसाच्या वजनाशेजारी लिहिलं. थोडं घटलं होतं. “रात्री किती वेळा पाजलं?” बाळंतीण सासूकडे बघू लागली. ताई आजीला म्हणाली, “माय, थोडं पाणी दे ना प्यायला.” आजी उठून गेली तशी पोरगी हळूच बोलली, “रात्री दूधच येत नाही म्हणून गाईचं दिलं.” पाण्याचा तो तांब्या दूध कुठे अडलं हे कळण्याचा रस्ता होता. आजी परतल्यावर ताईनं कुणालाही दोष न देता बाळ धरायची पद्धत दाखवली, आजीकडूनच उशी मागून घेतली, पाजायला बसवलं. निघताना म्हणाली, “परवा येतो मी. अजून एकदा वजन करू.”

आपल्या भाषेत घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. बाकीच्यांसाठी तो रिवाज आहे. या बाईसाठी तो शब्द म्हणजे कामाचा करार. चार्टप्रमाणे तिची पुढची भेट चौदाव्या दिवशी होती. ती नवव्या दिवशीच गेली.

गडचिरोलीचं हे काम पुढे देशानं स्वीकारलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून भारतात आशांमार्फत हा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. बेचाळीस दिवस म्हणजे जवळपास आपला सव्वा महिनाच, थोड्या दिवसांचा फरक. २०१८ मध्ये त्याला जोड मिळाली ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या पाच भेटींची. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं गेलं नाही. त्यांनी ओळखायचं आणि पाठवायचं.

आता मला विचारलं जातं, महाराष्ट्रात आज जवळपास पंच्याण्णव टक्के बाळंतपणं रुग्णालयात होतात, २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्याचा नवजात मृत्युदर हजारी ११ वर आला, मग घरोघर जाण्याची गरज काय? गरज अशी की बाळंतपण रुग्णालयात झालं तरी बाळ तिथे राहत नाही. सगळं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत ते घरी येतं. पाचवीची रात्र पूर्वीही घरी जायची, आताही घरीच जाते. माझ्या नोंदवहीतलं ते बाळही रुग्णालयातच जन्मलं होतं. कुणी म्हणतात फोन करा, व्हिडिओ कॉल करा. फोन जरूर करा. पण फोनवरून तळपाय हाताला लागत नाहीत, आणि सासू समोर असताना सून फोनवर गाईच्या दुधाबद्दल बोलणार नाही.

हा कार्यक्रम कुठे निसटतो तेही सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. नाव सासरच्या आशाच्या वहीत असतं आणि बाळ माहेरच्या गावात. सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती माझ्या यादीत नाही. दोन वह्यांच्या मध्ये ते बाळ सव्वा महिना राहतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं तर घरच हलतं. बीडच्या एखाद्या तांड्यावर दारं बंद असतात आणि बाळ पश्चिम महाराष्ट्रातल्या फडाशेजारच्या कोपीत असतं. तिथे गृहभेट कुणी द्यायची? माझं उत्तर असं, की बाळ जिथे रात्री निजतं ते त्याचं घर, आणि ज्या आशाच्या हद्दीत ती कोपी आहे तिच्या यादीत ते बाळ त्याच दिवशी यायला हवं, पूर्ण मोबदल्यासह.

मोबदल्याचं निघालं म्हणून बोलते. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळ्या भेटी मिळून २५० रुपये ठरले होते. एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत हे पैसे मिळण्यासाठी बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असण्याची अट होती. म्हणजे ज्या घरी बाळ गेलं, त्या घरच्या तिच्या फेऱ्या हिशेबात नव्हत्या. जिथे सगळ्यात जास्त वेळा जावं लागलं असेल, तेच ते घर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताच्या आशांचा गौरव केला तेव्हा आपल्याला अभिमान वाटला, आणि मलाही वाटला. त्याच आशांना मानधनासाठी उन्हात बसावं लागलं तेव्हा आपण किती जण त्यांच्याजवळ जाऊन बसलो?

आणि एक अवघड गोष्ट. उंबरा ओलांडणं हा अधिकार नाही, घरानं दिलेली मुभा आहे. काही घरांत जाणारी बाई आतपर्यंत जाते, काही घरांत दारातूनच विचारून वळते. काही घरी पाणी घेते, काही घरी ‘आत्ताच प्याले’ म्हणते. घराला त्यामागचं कारण लगेच कळतं. जिथे पाणी घेतलं जात नाही तिथे खरं उत्तरही मिळत नाही. प्रशिक्षणात आम्ही श्वास मोजायला शिकवतो, जात बाजूला ठेवायला शिकवत नाही. ते शिकवणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे मी स्वतःलाही सुनावते आहे.

बाळ जगलं, पुढे काय? इथे मला जमैकाकडे बघावंसं वाटतं. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, वयं नऊ महिने ते दोन वर्षं. काही मुलांना दर आठवड्याला पूरक दूध दिलं. काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही दिलं, काहींना दोन्ही नाही. खेळणी टाकाऊ खोके-बाटल्यांची. हे दोन वर्षं चाललं. ती मुलं बाविशीत आली तेव्हा पुन्हा शोधली गेली. ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती, वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीची. नुसत्या दुधाचा असा परिणाम दिसला नाही. दूध नको असा याचा अर्थ कुणी घेऊ नये, उपाशी मूल खेळत नाही. पण त्या भेटींतली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. सेविका खेळणं घरी ठेवून जायची आणि पुढच्या आठवड्यात ते घेऊन दुसरं द्यायची. प्रत्येक खेळणं म्हणजे ती परत येणार याची खूण. आठवडाभर आई त्या खोक्यानं मुलाशी खेळायची, कारण पुढच्या भेटीत कुणीतरी येऊन विचारणार होतं, मग काय काय केलं बाळानं?

आपल्याकडे पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटींत खेळ आणि बोलणं आहे, कागदावर. भेटीतला बराचसा वेळ तक्ता भरण्यात जातो. माझी शासनाला विनंती आहे, तक्त्यात एकच रकाना वाढवा: मागच्या भेटीपासून काय बदललं? तो रकाना खोटा भरता येत नाही, कारण तो भरायला आधी गेलेलं असावं लागतं. बाकीचे रकाने त्यासाठी कमी करावे लागले तर करा.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गल्लीत, इमारतीत, नात्यात लवकरच कुणी बाळंतीण होईल. तुम्ही बाळंतविडा घेऊन जाल, डिंकाचे लाडू द्याल, बाळ कुणावर गेलंय यावर चर्चा होईल. हे सगळं करा. मग चार दिवसांनी काहीही न घेता पुन्हा जा. हात धुवा, खाली बसा आणि बाळाच्या आईला विचारा, परवापेक्षा आज काय वेगळं वाटतंय? आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.

ज्या बाईंच्या नावानं आपण इथे जमलो, त्यांनी आयुष्यभर एवढंच केलं.